गेल्या वर्षी अकोल्याने किती प्रगती केली? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/
मार्च सरला की वर्तमानपत्रांत एक ठरलेला मजकूर येतो : गेल्या वर्षभरात आपल्या शहराने किती प्रगती केली. नवे रस्ते, नवे कारखाने, आलेली गुंतवणूक, वाढलेली उलाढाल. अकोल्यापुरते पाहिले तर हा प्रश्न आजचा नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीही तो दरसाल विचारला जात होता. तेव्हा तो कोणी विचारला, उत्तर देताना काय मोजले आणि काय मोजायचे राहून गेले, त्याचा हा धागा. थोडा लांब आहे. कापसाच्या बंडीच्या चालीने वाचावा.

२/
१८५८ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार ब्रिटिश राजसत्तेने हाती घेतला. त्यासाठी केलेल्या कायद्यात एक कलम असे होते की, हिंदुस्थानच्या जमाखर्चाबरोबर देशाची 'नैतिक व भौतिक प्रगती आणि स्थिती' दाखवणारे निवेदन दरवर्षी पार्लमेंटपुढे ठेवले जावे. शब्दांचा क्रम पाहावा. प्रगती आधी, स्थिती नंतर. प्रगती होतच आहे हे गृहीत धरलेले. ती किती झाली एवढेच दाखवायचे. मग तहसिलीतून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून कमिशनरकडे आणि तेथून वर वर सरकत आकड्यांची कोष्टके लंडनला पोहोचू लागली. आपल्या आजच्या वार्षिक अहवालांची पूर्वजा ती हीच.

३/
या कोष्टकांत वऱ्हाडचे स्थान मोठे चमत्कारिक होते. कायद्याने मुलूख निजामाचा, कारभार मात्र इंग्रजांचा. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून २१ मे १८५३ रोजीच्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्याच्या बरोबर पाच आठवडे आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली होती. या दोन तारखांचा थेट कार्यकारणसंबंध कोणी जोडू नये. पण पुढच्या वीस वर्षांत अकोल्याचे जे काही झाले, ते या दोन घटनांच्या गाठीतूनच झाले.

४/
तोवरचे अकोला म्हणजे मोर्णेच्या पश्चिम तीरावरचा तटबंदीचा एक कसबा. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाने ओळखला जाणारा असदगड १६९७च्या सुमाराचा. १८०३ साली आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, येथे तळ देऊन पुढे अडगावच्या लढाईला गेला. एवढे सोडले तर मान जवळच्या बाळापूरचा. मोगली लष्कराचे ठाणे तेथे, मिर्झाराजे जयसिंगांची छत्री तेथे, विणकरांची पेठही तेथे. वऱ्हाडचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पूर्वेचे मुख्य ठाणे अमरावती आणि पश्चिमेचे अकोला ठरले, तेव्हा कोठे या कसब्याचे नशीब पालटले. नदीच्या पूर्व तीरावर ताजनापेठेकडे सरकारी कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले उभे राहिले. जुने शहर या काठाला, सत्ता त्या काठाला.

५/
आता कापूस. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पऱ्हाटी काही इंग्रजांनी आणली नाही. ती शतकानुशतके होतीच. घरोघरच्या बाया सूत कातीत. कोष्टी, साळी आणि महार विणकर त्याचे कापड विणीत. उरलेला कापूस बैलांच्या पाठीवरून दूर मिर्झापूरच्या गंगाकाठच्या बाजाराला जाई. मुंबईकडे पाठवलेली पहिली मोठी खेप म्हणून जिची नोंद सापडते, ती १८२५-२६ची, विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांची : पाचशे बैल, सुमारे १ लाख २० हजार पौंड कापूस. हिशेब करून पाहा. एका बैलावर २४० पौंड, म्हणजे आपले १०९ किलो. घाट, नद्या आणि धूळ ओलांडत मुंबई गाठायला आठवडेच्या आठवडे लागत. पावसाळा आडवा आला की सगळेच खोळंबे.

६/
एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या लँकेशायरमधील गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा हिस्सा, तीन-चतुर्थांशांच्या आसपास, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येई. तो गुलामांच्या श्रमावर पिकलेला असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, तशी लँकेशायरची धोटी थांबली आणि जगभर कापसाचा शोध सुरू झाला. मुंबईत भाव काही पटींनी चढले. प्रेमचंद रायचंदांच्या शेअरबाजारी साम्राज्याची आणि बॅक बेच्या भरावाची कथा अनेकांना ठाऊक असते. त्या फुग्यात भरलेली हवा खानदेश-वऱ्हाड-गुजरातच्या शेतांतून गेलेली होती, हे मात्र सांगितले जात नाही.

७/
या तेजीची एक आख्यायिका फार लाडकी आहे : पैसा इतका आला की कास्तकारांनी बंडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा चढवल्या, नांगराला चांदीचे फाळ बसवले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात ती पुनःपुन्हा येते. मला तिच्याविषयी शंका आहे. चांदीची धाव काळ्या मातीच्या पहिल्याच गाडवाटेवर चेपून जाईल, हे कोणत्याही गाडीवानाला कळते. एखाद्या हौशी धनिकाने मिरवणुकीपुरते केले असेल. पण गोष्ट टिकली, कारण ती सोयीची होती. कास्तकार उधळ्या आहे असे एकदा ठरले, की पुढे तो कर्जात का बुडाला याचे उत्तर शोधावे लागत नाही.

८/
रेल्वेचा कालक्रम तर उपरोधाचाच नमुना. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे रूळ खानदेशातून पूर्वेकडे सरकत होते. अमेरिकन युद्ध संपले एप्रिल १८६५मध्ये, त्याच वर्षी मुंबईचा फुगा फुटला, आणि भुसावळ-अकोला-बडनेरा मार्गाने रेल्वे नागपूरला पोहोचली ती १८६७मध्ये. म्हणजे तेजीचा काळ बहुतांशी बैलांच्या बळावर गेला आणि आगगाडी पूर्णपणे दाखल झाली ती भाव उतरू लागल्यावर. तरीही कापसाचा पेरा मागे हटला नाही. का, ते पुढे येईल. आधी रेल्वे कशासाठी आली, ते ती आणणाऱ्यांच्याच मनातून जाणून घेऊ.

९/
या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा माणूस आता येतो. हॅरी रिव्हेट-कारनॅक, मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा कापूस कमिशनर. होय, कापसासाठी स्वतंत्र कमिशनर होता. १८६८-६९च्या अहवालात त्याने आपली अपेक्षा आडपडदा न ठेवता मांडली. त्याचा आशय असा : रेल्वेमुळे विलायती कापड इतके स्वस्त आत येईल की देशी कापड त्याच्यापुढे टिकणार नाही. त्यामुळे दोन लाभ होतील. स्थानिक मागांवर खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल. आणि सूतकताई व विणकामात गुंतलेली माणसेही मोकळी होऊन शेतमजुरीला मिळतील, म्हणजे आणखी जमीन कापसाखाली आणता येईल.

१०/
हे पुन्हा एकदा सावकाश वाचावे. वसाहतवादाने हस्तोद्योग बुडवले, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि तो पुढील काळातील इतिहासकारांचा निष्कर्ष आहे असे समजतो. येथे तो निष्कर्ष नाही; हेतू आहे, खुद्द सरकारी अधिकाऱ्याने छापील अहवालात 'प्रगती' म्हणून नोंदवलेला. बाळापूरच्या विणकराचा माग थांबणे हे या हिशेबात नुकसानीच्या बाजूला येत नाही. त्या मागावर खपणारा कापूस निर्यातीत आणि तो विणकर मजुरांत जमा होतो. रकाने असे आखलेले असले की एका घराची राखरांगोळीही जमेच्या बाजूला दिसते.

११/
रिव्हेट-कारनॅकचा आवडता बाजार खामगाव. तेव्हा ते अकोला जिल्ह्यातच होते. मुख्य मार्गावरील जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा केवळ कापसासाठी टाकला गेला आणि १८७० साली त्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका बाजारपेठेच्या आडफाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! १८६९च्या अखेरीस सुएझचा कालवा खुला झाला होता, तारायंत्राने मुंबई लंडनशी जोडली गेली होती. लिव्हरपूलचा भाव आता खामगावच्या बाजारात पोहोचू लागला. फोल्कार्ट बंधूंसारख्या स्विस पेढीचे लोक येथे माल घेऊ लागले. बंडीवर बसून आलेल्या कास्तकाराच्या कापसाची किंमत त्याने कधी न पाहिलेल्या बंदरात ठरू लागली, आणि तारेत काय आले हे त्याला सर्वांत शेवटी कळे.

१२/
बाजाराची सकाळ डोळ्यांसमोर आणा. हंगाम दिवाळीनंतरचा. पहाटेपासून बंड्यांच्या रांगा. अडत्या पुढे होतो, दलाल कापसाची बोंडे चिमटीत घेऊन तंतू ताणून पाहतो. उपरण्याखाली बोटांना बोटे लागतात. भाव ठरतो तो खरेदीदार आणि दलाल यांच्यात, मालाचा धनी बाजूला उभा. मग मापारी, हमाल, धर्मादाय, कडता अशा एकेक वजावटी. पूर्वी हाती चालणाऱ्या रेच्यावर सरकी वेगळी होई. आता वाफेची जिने आली. रुई प्रेसमध्ये दाबून, पट्ट्या आवळून गाठ बांधली जाई. दाबलेली गाठ रेल्वेच्या डब्यात आणि जहाजाच्या पोटात जागा कमी खाते, यातच प्रेसचे सारे अर्थशास्त्र आहे. अकोल्याच्या आकाशात धुरांड्यांची रांग उभी राहिली ती या गाठींमुळे. येथे कापूस दाबला जात होता, विणला जात नव्हता.

१३/
भाव उतरल्यावरही पेरा का टिकला, त्याचे उत्तर आता. १८६१पासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन रयतवारी बंदोबस्त सुरू झाला, तीस वर्षांच्या मुदतीचा. खातेदाराला जमिनीवर हक्क मिळाला, जमीन विकता येऊ लागली, गहाण ठेवता येऊ लागली. सारा मात्र रोख आणि ठरल्या तारखेला. ज्वारी घरात पेवात साठवता येते. साऱ्याचा हप्ता पेवातून फिटत नाही. त्यासाठी कापूस हवा, आणि कापूस हाती येईपर्यंत सावकार हवा. बियाण्याला सवाई, खावटीला दिढी. जमीन गहाण पडण्याची सोय कायद्याने करून ठेवलेली होतीच.

१४/
येथे एक चूक टाळू. कास्तकाराला केवळ बळी म्हणून रंगवणे हाही त्याचा अपमान आहे. तो हिशेब करीत होता. वऱ्हाडची जुनी प्रतिष्ठित कपाशी म्हणजे 'बनी' : लांब धाग्याची, मऊ. लँकेशायरला तीच हवी होती. पण बाजारात चांगल्या धाग्याला वेगळा भाव पुरेसा मिळेना, आणि 'जरी'सारख्या जाड्या, आखूड धाग्याच्या कपाशीतून रुई जास्त निघे. कापूस कमिशनरच्या खात्याने बनीची कितीही भलामण केली, तरी शतक संपेपर्यंत शेतांतून ती मागे पडली आणि जाडे वाण पसरले. साहेबांनी याला भेसळ आणि आळस म्हटले. तो साधा धंद्याचा विचार होता. वजनावर पैसे देणार असाल तर वजन मिळेल.

१५/
१८९७मध्ये वऱ्हाडातील कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. कारंज्याला १८८६ सालीच नियंत्रित बाजार सुरू झाला होता. देशातील कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ येथे, वऱ्हाडात, सुरू होते, हे आपल्याला अभिमानाने सांगता येते. मापे, दलाली, वजावटी यांना नियम लागले, ही लहान गोष्ट नव्हती. फक्त समित्या व्यापाऱ्यांच्या हाती आणि उत्पन्न नगरपालिकांच्या तिजोरीत. ज्याचा कापूस, त्याला समितीत जागा नव्हती. पुढे १९२८च्या शेतकी रॉयल कमिशननेही या व्यवस्थेतील उणिवांवर बोट ठेवले.

१६/
'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण मिरवणाऱ्या प्रांतात दुष्काळ पडत नाही, असा सरकारी समज होता. १८९९ साली पाऊस रुसला आणि विक्रम संवत् १९५६वरून लोकांनी ज्याला 'छपन्या' म्हटले तो दुष्काळ आला. १८९६-९७च्या टंचाईतून सावरायला पुरती तीन वर्षेही मिळाली नव्हती. पेवांत ज्वारी पूर्वीइतकी नव्हती, कारण तीही आता विकाऊ माल झाली होती. गुरे मेली, खडी फोडायच्या कामांवर माणसांची गर्दी लोटली. १८९१च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार; १९०१मध्ये सुमारे २७ लाख ५४ हजार. दहा वर्षांत वाढ नाहीच, उलट १ लाख ४३ हजारांची घट. यांतील काही माणसे स्थलांतरित झाली असतील. बाकीच्यांचे काय झाले ते वेगळे सांगायला नको.

१७/
न्यायाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रेल्वेने कापूस नेला तसे दुष्काळात बाहेरून धान्यही आणले. ती नसती तर मृत्यू आणखी वाढले असते, असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद टाकाऊ नाही. चांगल्या वर्षांत कापूस वेचणीच्या मजुरीसाठी शेजारच्या मुलखांतून माणसे वऱ्हाडात येत, म्हणजे मजुरीचा दर आकर्षक होता. अडचण एवढीच की स्टेशनात धान्याचे पोते येणे आणि ते विकत घेण्याइतका पैसा गाठीला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालांत पहिलीचे टनांत मोजमाप आहे. दुसरीसाठी रकानाच नव्हता.

१८/
आणि त्याच दशकात अकोला शहर? ते वाढले. १९०१च्या जनगणनेत शहराची वस्ती २९,२८९. सरकारी हायस्कूल, मिशनची औद्योगिक शाळा, अनेक जिनिंग-प्रेसिंग कारखाने. वऱ्हाडातील कापूस व्यापाराच्या मुख्य केंद्रांपैकी एक अशी ख्याती. प्रांत आटत असताना शहर फुगत होते. शहराच्या या वाढीत उद्योगाचे आकर्षण किती आणि ओस पडलेल्या खेड्यांची ढकल किती, हे वेगळे करणे अवघड आहे. पण तरुण अभ्यासकांपैकी कोणाला खरोखर काम करायचे असेल तर हाच विषय घ्या. गावोगावचे जुने दस्त, गहाणखते आणि जनगणनेची तालुकावार कोष्टके शेजारी ठेवून पाहा.

१९/
कापूस शहरातच विणावा, हे शहाणपण उशिरा आले. अकोल्यात सावतराम रामप्रसाद मिल आणि गोपालदास मोहता मिल उभ्या राहिल्या. भोंग्यावर घड्याळे लावणाऱ्या पिढ्या त्यांच्या भोवती वाढल्या. १९७४च्या आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरण कायद्याच्या यादीत या दोन्ही नावांचा समावेश आहे. पुढे त्या बंदही पडल्या. तत्पूर्वी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, शहरात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने चालते. रिव्हेट-कारनॅकच्या खात्याला जे साधले नव्हते, त्या वाणांवरील संशोधनाचे काम या मातीतच, मराठी बोलणाऱ्या शास्त्रज्ञांच्या हाती आले. गिरण्यांचा मृत्यू आणि विद्यापीठाचे काम, दोन्हींवर स्वतंत्र धागे होतील. येथे थांबत नाही.

२०/
जाता जाता एक छोटी गोष्ट, आकडे वाचणाऱ्यांसाठी. १९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले आणि १९०५ साली जिल्ह्यांची फेररचना झाली. वाशीम जिल्हा मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात आला, मूर्तिजापूर अमरावतीकडून अकोल्याकडे आले, आणि खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून निघून बुलढाण्यात गेले. त्या वर्षापासून खामगावच्या गाठी बुलढाण्याच्या रकान्यात मोजल्या जाऊ लागल्या. जलंबच्या फाट्यावरून त्या पूर्वीप्रमाणेच मुंबईला जात राहिल्या.

(धागा समाप्त)